खऱ्या हुंदक्यांचं रेकॉर्डिंग

“अजून थोडं फाडा, मास्तर,” नाडगौडा म्हणाले. “खांद्यापाशी. फोटोत गरिबी दिसली पाहिजे.”

रज्जाकमास्तरांनी कात्री हातात धरली होती, पण ती लुगड्याला लावायचा त्यांना धीर होत नव्हता. लुगडं कोरं होतं. हिरवं, तांबड्या काठांचं, त्याच दिवशी सकाळी दुकानातून आणलेलं. मी ते नेसून स्टुलावर उभी होते आणि नाडगौडा खडूने माझ्या अंगावर खुणा करत होते. इथे भोक. इथे ठिगळ. इथे नुसतं उसवलेलं.

“साहेब, एखादं जुनंच आणायचं होतं की,” मास्तर म्हणाले.

“जुनं मळकट दिसतं. गरिबी कशी, स्वच्छ पाहिजे. लोक घरात लावतात ती कॅसेट.”

“मग नवं लुगडं फाडायचं?”

“फाडायचं.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. शेवटी ते म्हणाले, “ठेवून जा. उद्या सकाळी देतो. हे काम सावकाश करावं लागतं.” नाडगौडांना ते पटलं. गरिबीचं काम घाईत होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्या वेळी माझं नाव करुणा होतं. खरं नाव हौसा. हौसा वाघमोडे, राहणार सोलापूर. पण हौसा नावाच्या मुलीने भुकेचं गाणं म्हटलं तर कोण विकत घेणार, असं नाडगौडांचं म्हणणं पडलं, आणि त्यांनी कॅसेटवर ‘कु. करुणा’ असं छापून टाकलं. त्यांचं नव्या पेठेत कॅसेटचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला, अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवून केलेला एक स्टुडिओ. गणपतीत मी एका मंडळापुढे गायले होते, प्रेमाची गाणी, तिथे त्यांनी मला ऐकलं. म्हणाले, “आवाजात दुःख आहे.” मला त्या दिवशी सर्दी झाली होती.

गाणं लिहिलं होतं कवी उपाशी यांनी. हे त्यांचं टोपणनाव. मूळचे वसंतराव चिटणीस, बँकेतून रिटायर झालेले, अंगाने चांगले भरलेले. त्यांना डायबेटीस होता, त्यामुळे दर दोन तासांनी पोटात काहीतरी जावं लागे. स्टुडिओत कायम ऐकू यायचं, “उपाशी जेवतायत, थोडं थांबा.” माणूस मात्र मनाचा फार चांगला. स्वतःचं गाणं ऐकताना स्वतःच रडायचे. दर वेळी. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या गाण्याचं नाव ‘चूल रडते’. सुरुवात अशी होती:

चूल रडते, चूल रडते, राखेत विस्तव शोधते,
रिकाम्या परातीत माय माझी चंद्राला मळते.

गाणं तुफान चाललं. उरल्यासुरल्या गिरण्याही बंद पडत होत्या, यंत्रमागांवर पाळ्या कमी झाल्या होत्या, तेल आणि साखर रोज नवा भाव सांगत होती, आणि माझी चूल सगळीकडे रडत होती. गंमत अशी की ती आमच्या वस्तीत रडत नव्हती. ती रडायची बंगल्यांमध्ये, डॉक्टरांच्या वेटिंगरूममध्ये, साखर कारखान्याच्या संचालकांच्या जीपमध्ये. एकदा नाडगौडांना मी विचारलं, की आमच्या गल्लीत कुणी ही कॅसेट का घेत नाही? ते हसले. म्हणाले, “गरिबाला गरिबी कशी विकणार? ती त्याच्याकडे असते. जेवण झाल्यावर बडीशेप लागते तसं आहे हे. आधी जेवण पाहिजे.”

आमच्या घरात या गाण्याने वेगळंच केलं.

माझी आई बिड्या वळायची. वडील गिरणी बंद पडल्यावर भिवंडीला गेले आणि तिकडचेच झाले. आईने मांडीवर सूप घेऊन, पानं कापून, तंबाखू भरून मला वाढवलं. आमच्याकडे चूल नव्हतीच. स्टोव्ह होता, आणि तो रडायचा नाही, फरफरायचा. आईने गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “परातीत पीठ न्हाई तर मळतीया काय तुझी माय?”

“आई, ते काव्य आहे.”

“अन् माय म्हंजे मी का?”

“तू नाही. कुणीतरी.”

पण गल्लीने ते तसं घेतलं नाही. शेजारच्या काशीबाई वाटीभर पीठ घेऊन आल्या. “असू दे अनसूयाबाई, लाजू नका, पोरगी गाण्यात सांगती तवा कळलं.” आईने वाटी घेतली. पिठाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तीच वाटी शेंगदाण्यांनी शीग लावून परत केली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायची, पण ताट माझ्याकडे न बघता पुढे सरकवायची. तिच्याकडे ठिगळाचं लुगडं होतं, दोन होती, पण ती तिने कधी दारात वाळत घातली नव्हती. मी ती सगळ्या जिल्ह्यात वाळत घातली, असं तिला वाटलं.

मला स्वतःला ते गाणं म्हणायचं नव्हतं. मला प्रेमाची गाणी म्हणायची होती. भिजलेले केस, खिडकी, मोगरा, असलं सगळं. आमच्या खोलीला खिडकी नव्हती, पण त्याने काय बिघडतं? नाडगौडांना मी दर महिन्याला विचारायची आणि ते दर महिन्याला म्हणायचे, “बघू.” मग एक दिवस त्यांनी स्वतःच विषय काढला.

“करुणा, दुसरा भाग काढायचा. ‘चूल रडते, भाग दोन.’ पण नुसतं स्टुडिओत नाही. लोकांमध्ये. मागे खरे हुंदके पाहिजेत.”

“खरे म्हणजे?”

“बायका रडताना. पूर्व भागात बिडी कारखान्यासमोर बायकांचं धरणं चालू आहे ना? तिथे जायचं, तू गायचं, बायका रडणार, आम्ही टेप करणार. पेपरवाले येतील. फोटोसकट. युनियनशी बोलणं झालंय, त्यांनाही गर्दी पाहिजेच.”

ते धरणं माझ्या आईच्याच कारखान्यासमोर होतं. मालकांनी मंदीचं कारण सांगून बायकांच्या जुड्यांमधून जास्तच बिड्या खराब म्हणून काढायला सुरुवात केली होती. काढलेल्या बिडीची मजुरी मिळायची नाही. आणि काढलेल्या बिड्या कुठे जात, तर वेगळ्या कागदात बांधून बाजारात. हे सगळ्यांना माहीत होतं. बायका कारखान्याच्या फाटकासमोर ताडपत्री बांधून बसल्या होत्या आणि माझी आई त्यांच्यात रोज जात होती.

“हुंदके चांगले आले,” नाडगौडा म्हणाले, “तर पुढची कॅसेट तुझी. प्रेमगीतं. करार करून देतो. नावसुद्धा तुझ्या आवडीचं ठेव.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मास्तरांनी लुगडं तयार करून दिलं त्याच दिवशी दुपारी आम्ही नाडगौडांच्या गाडीतून निघालो. मी मागे, ठिगळांच्या लुगड्यात. मास्तरांनी काम झकास केलं होतं, सात रंगांची ठिगळं, प्रत्येक अगदी सरळ टाक्यांनी शिवलेलं. शेजारी कवी उपाशी, मांडीवर मोठा टेपरेकॉर्डर. डबा ते घरी विसरले होते आणि त्यामुळे अस्वस्थ होते.

“नाडगौडा, वाटेत कुठे वडापाव मिळेल का?”

“परत येताना. आत्ता बायका उपाशी बसल्यात, त्यांच्यापुढे तुम्ही वड्याचा वास घेऊन जाणार?”

“ते खरं,” उपाशी म्हणाले आणि त्यांचे डोळे तिथेच भरून आले. “बिचाऱ्या.”

कारखान्याचं फाटक बंद होतं. आत, व्हरांड्यात, खुर्ची टाकून चेकर बसला होता. चेकर म्हणजे बिड्या तपासणारा माणूस, हाच त्या खराब ठरवायचा. मोठ्या मिशा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. बाहेर ताडपत्रीखाली बायकाच बायका. तेलुगू बोलणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या, सगळ्या. हाताला काम नव्हतं, पण बोटं आपली हलतच होती, पदराची टोकं वळत होती. एका बाजूला तीन दगडांवर मोठं पातेलं चढलेलं. आणि खांबाला टेकून माझी आई. तिने मला पाहिलं, लुगडं पाहिलं, आणि पाठ करून बसली.

युनियनच्या माणसाने माइकवरून माझी ओळख करून दिली, “चूल रडतेफेम कुमारी करुणा.” टाळ्या पडल्या. कवी उपाशींनी टेप चालू केला. पेपरवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. नाडगौडांनी मला खूण केली, म्हणजे डोळे पुसल्यासारखं केलं.

मी गायले. चांगलं गायले, खोटं का बोलू. चूल रडली, राखेत विस्तव शोधून झाला, माय चंद्राला मळू लागली. समोर बायका शांत बसल्या होत्या. पण रडत कुणीच नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, लुगड्यावर होती. पहिल्या रांगेतल्या दोघी एकमेकींच्या कानात बोलल्या. तिसरीने मान वाकडी करून माझा काठ पाहिला.

दुसऱ्या कडव्यात मी होते तेवढ्यात मध्येच एक आवाज आला.

“ए पोरी, थांब की जरा.”

ती नरसव्वा. म्हातारी, लुकडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आईच्या शेजारी बसून तिने जन्मभर बिड्या वळल्या होत्या, मी तिला लहानपणापासून ओळखत होते. तिने मला ओळखलं होतं की नाही, देव जाणे.

मी थांबले. युनियनने साथीला दिलेला पेटीवालाही थांबला.

“लुगडं कुनी फाडलं?” नरसव्वाने विचारलं.

काय सांगणार? “शिंप्याने,” मी म्हटलं.

“शिंप्यानं?” ती मागे वळली. “ऐकलं का गं? हिचं लुगडं शिंप्यानं फाडलं.”

पहिलं हसू कुठून आलं कळलं नाही, पण ते वाऱ्यासारखं मागच्या रांगेपर्यंत गेलं. “कोरं हाय गं ते.” “काठ बघ, खळ बी उतरली न्हाई.” “आमचं घिऊन जा म्हणावं, फुकट फाटलेलं हाय.”

नाडगौडा पुढे सरसावले. “भगिनींनो, शांतता राखा. गाणं दुःखाचं आहे. आपल्याच जीवनावरचं आहे. ज्यांना रडू येत असेल त्यांनी मोकळेपणाने रडावं.”

रडू एकालाच आलं. कवी उपाशींना. गाणं थांबलं तरी ते थांबले नव्हते. टेपरेकॉर्डरशेजारी मांडी घालून, चष्मा काढून, खांदे हलवत रडत होते. वर डबा विसरल्यामुळे त्यांचे हात थरथरत होते, कपाळावर घाम आला होता.

नरसव्वा उठून त्यांच्याजवळ गेली. “काय झालं हो अण्णा? का रडता?”

“तुमचं दुःख बघवत नाही,” उपाशी म्हणाले.

“आमचं ऱ्हाऊ द्या. सकाळपासनं खाल्लंय का काही?”

उपाशींनी मान हलवली. “डबा विसरला.”

“अगंबाई. नाव काय तुमचं?”

“उपाशी.”

“ते दिसतंय. नाव काय?”

“तेच नाव आहे.”

नरसव्वाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पातेल्याकडे बघून ओरडली, “ए, ह्या बाबाला वाढ गं आधी. चक्कर यीऊन पडंल.” आणि त्यांच्यापुढे जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटली आली. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, पातळ आमटी. गावातल्या बायकांनी घराघरांतून मूठमूठ आणून शिजवलेलं ते जेवण होतं. महाराष्ट्राच्या भुकेचा कवी संपावर बसलेल्या बायकांची भाकरी खाऊ लागला. पेपरवाल्याने फोटो घेतला. नाडगौडांनी कॅमेऱ्यापुढे हात धरला, पण उशीर झाला होता.

“छान आहे,” उपाशी म्हणाले. “चटणी आणखी मिळेल का?”

आता हसण्याला काही धरबंध उरला नाही. मी माइकपुढे तशीच उभी होते. नाडगौडा दात खात माझ्या कानाशी आले. “करुणा, सुरू कर. पहिल्यापासून. मोठ्याने.”

आणि तेवढ्यात माझी आई उठली.

ती रांगांमधून वाट काढत आली, कुणाच्या मांडीवर पाय, कुणाच्या खांद्यावर हात. तिच्या हातात कात्री होती, पान कापायची. मला वाटलं, आता ही काय करते? नाडगौडांनाही तेच वाटलं असावं, कारण ते दोन पावलं मागे सरले. आई माझ्यापुढे उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

“हौसे,” ती म्हणाली, “हात वर कर.”

मी केला. तिने खांद्यावरचं ठिगळ चिमटीत धरलं आणि टाके कापले, एकेक, पानाची शीर काढावी तसे. ठिगळ निघून तिच्या हातात आलं. खाली भोक नव्हतं. खाली लुगडं धडधाकट होतं. नेसताना घाईत मी ते पाहिलंच नव्हतं.

तिने दुसरं काढलं. तिथेही भोक नाही. तिसरं. रज्जाकमास्तरांनी लुगड्याला कात्री लावलीच नव्हती. त्यांचं मन झालं नसावं. एक धागा न कापता त्यांनी चांगल्या कापडावर ठिगळं शिवली होती. नाडगौडांनी भोकांच्या एवढ्या खुणा केल्या, त्यातली एकही त्यांनी पाळली नव्हती. आई एकेक ठिगळ काढून बायकांकडे फेकत गेली आणि बायका ती झेलत गेल्या. लाल ठिगळ नरसव्वाला मिळालं, तिने ते डोक्यावर ठेवलं.

“आता म्हण,” आई म्हणाली. “पर ते न्हाई.”

“मग काय म्हणू?”

“ते रडगाणं आमाला पाठ हाय,” नरसव्वा खालून म्हणाली. “नाचता यील असलं म्हण.”

मी नाडगौडांकडे पाहिलं. त्यांनी मानेने ‘नाही’ केलं, आणि बोटाने हवेत सही केल्यासारखं केलं. कराराची आठवण. मला मोगरा आठवला, खिडकी आठवली. तेवढ्यात मागून एका बाईने सुरू केलंसुद्धा. माझी वाट कुणी बघत नव्हतं. ते त्यांचं धरण्यात बसून जुळवलेलं गाणं होतं, फाटकाकडे तोंड करून म्हणायचं:

चेकरदादा बसला गं चष्मा लावून नाकाला,
ढीगभर बिड्या टाकल्या न् एक लावली ओठाला.
धूर काढतो, खोकतो, म्हणतो बिडी कच्ची रं,
कच्ची बिडी वढून कशी मिशी झाली पक्की रं!

व्हरांड्यातला चेकर खुर्चीवरून उठला. मिशीला हात गेला, तो त्याने घाईने खाली घेतला. बायकांनी ते पाहिलं आणि दुसऱ्यांदा म्हटलं, जोरात. चाल साधी होती, फुगडीसारखी. मी माइक तोंडाजवळ ओढला आणि वरच्या पट्टीत सामील झाले. माझ्या गळ्याचं कुणीतरी बूच काढल्यासारखं झालं. पुढची ओळ कुणाला सुचेना, तेव्हा मीच जुळवली:

मालक म्हणतो मंदी आली, पोटाला घ्या चिमटा गं,
मालकाच्या पोटापुढं चिमटा पडतो छोटा गं!

“एक मात्रा जास्त होतेय,” उपाशी भाकरीच्या घासातून म्हणाले.

“जेवा गप,” नरसव्वा म्हणाली. आणि लाल ठिगळ फिरवत ती उभी राहिली, नाडगौडांकडे बोट केलं आणि स्वतःच सुरू झाली:

टेपवाला साहेब आला, रडं मागत फिरतो का,
रडं न्हाई शिल्लक बाबा, उचकी घिऊन जातो का!

बायका उठल्या. फुगड्या घातल्या. संपावरच्या, उन्हात बसलेल्या, घरी काय शिजणार याचा पत्ता नसलेल्या बायकांनी त्या दुपारी कारखान्यासमोर धूळ उडवली. युनियनचा माणूस आधी घाबरला, मग टाळ्या वाजवू लागला. माझी आई फुगडी घालत नव्हती. ती खांबाला टेकून उभी होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. तिला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

परत जाताना गाडीत मी नव्हते. नाडगौडांनी दार लावून घेतलं आणि खिडकीतून मला म्हणाले, “तुझी कॅसेट संपली, करुणा.”

“हौसा,” मी म्हटलं.

“जे काय असेल ते. टेप द्या, उपाशी.”

पण उपाशींनी टेप काढून आपल्या कोटाच्या खिशात घातली होती. “ही राहू दे माझ्याकडे, नाडगौडा,” ते म्हणाले. “मागच्या गाण्याचं मानधन तुम्ही दिलेलं नाही. हे त्यात वळतं करा.” आणि नाडगौडांच्या गाडीत न बसता ते रिक्षाने गेले, जाताना एक भाकरी कागदात बांधून घेऊन.

ती टेप त्यांनी नरसव्वाच्या मुलाला दिली. त्याची रिक्षा होती. त्याने एक कॉपी काढली, दुसऱ्या रिक्षावाल्याने त्यावरून आणखी एक. नाडगौडांनी त्यातली एकही विकली नाही, पण सोलापुरात चेकरदादा माहीत नाही असा माणूस उरला नाही. चेकरने आधी चष्मा बदलला. मग मिशी काढली. मिशी काढल्यावर तर पोरं जास्तच ओरडू लागली. धरणं पुढे बरंच चाललं, कामगार आयुक्तांकडे बैठका झाल्या, आणि शेवटी ठरलं की बिड्या तपासताना बायकांपैकी एक जण समोर बसेल. गाण्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. बायका फाटकासमोरून उठल्या नाहीत म्हणून झालं. पण करारावर सह्या करायला मालक आले तेव्हा बाहेर कुणीतरी ‘चिमटा’ म्हणालं आणि त्यांनी पोट आत घेतलं, हे मी स्वतः पाहिलं.

मला कुणी मोठी गायिका केली नाही. कॅसेटवर माझं नाव पुन्हा छापलं गेलं नाही. लग्नात, जत्रेत, मंडळांपुढे मी गात राहिले, अजून गाते. प्रेमाचीच जास्त.

पण त्या दिवसाचं खरं म्हणजे मला वेगळंच सांगायचं आहे. ते त्याच संध्याकाळी घडलं, आमच्या खोलीत, जेवताना.

आईने ताट माझ्यापुढे ठेवलं. सरकवलं नाही, ठेवलं. आम्ही जेवत होतो. तिच्याशी बोलायची सवय मोडली होती. शेवटी मी म्हटलं, “आई, गाण्यातलं सगळंच खोटं नव्हतं ना पण. मी लहान असताना असे दिवस होते की नव्हते?”

“होते की.”

“काही न शिजलेले?”

“होते म्हटलं ना. तुझा बाप गेला तवाच्या पावसाळ्यात. पान भिजलं होतं, काम बंद. लई दिवस.”

“मग तू काय करायचीस? रडायचीस?”

आईने घास थांबवला. मला वाटलं, पुन्हा बोलणं बंद होणार.

“सिनेमाला जायची,” ती म्हणाली.

“काय?”

“तुला कडेवर घेऊन. टाकीजमधला डोअरकीपर आपल्या गिरणीतला होता, त्यो सोडायचा, तीनच्या खेळाला. घरी बसून काय करायचं? भिंतीकडं बघायचं? तिथं पंखे होते. अंधार होता. कुणी विचारायचं न्हाई, जेवलीस का म्हणून. तू मांडीवर झोपायचीस. एकच शिणेमा लागलेला होता, तोच बघितला रोज.”

“कुठला?”

“नाव न्हाई ध्यानात. बागंत गाणं होतं. ती बाई काय गायची गं, असं वाटायचं, मीच गायला लागलीय. चांगली साडी नेसून. केस मोकळे सोडून.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम लाजल्यासारखं हसली. “गाणं सुरू झालं की पोटाचं ध्यानात ऱ्हायचं न्हाई बग.”

मी विचारलं, “गोष्ट काय होती त्या सिनेमाची?”

“कुणास ठाऊक,” आई म्हणाली आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. “कुणीतरी गरीब होतं त्यात. ते आलं की मी डोळे मिटून घ्यायची.”